डावीकडे ठेवलेला खटका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगावं असं माणूस एकच होतं — आणि त्याच्यापासूनच तर लपवायचं होतं. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आता पाच महिने झाले. तुम्ही शेजारी बसला आहात असं समजून लिहितो. थांबत थांबत लिहीन. घाई केली तर पुन्हा काहीतरी गाळीन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

गोष्ट एका स्पूल टेपरेकॉर्डरची आहे. लहान सुटकेसएवढा, वर दोन चाकं, एका चाकावरची फीत दुसऱ्यावर गुंडाळत जाते — तसला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी तो घेतला होता. एका स्पूलवर आईचा आवाज भरलेला होता. मी सव्वा वर्षाचा असताना आई गेली. पुढं मशीनही बंद पडलं, आणि अण्णांनी ते ट्रंकेत ठेवून दिलं. दुरुस्त का केलं नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही. असं विचारता येतं का?

मला आईचं काहीच आठवत नाही. दादा दहा वर्षांनी मोठा, त्याला सगळं आठवायचं. विहारात वंदनेला ती कुठं बसायची, चिडली की पदर कसा खोचायची. सांगून झालं की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुला काय आठवणार लेका, तू रांगत हुतास." मायेनंच म्हणायचा. पण आई मला मिळाली ती नेहमी त्याच्या तोंडून.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी ट्रंक उघडली. तेव्हा घरोघरी कॅसेट होत्या, स्पूल म्हटलं की दुकानदार हसायचे. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रेडिओ दुरुस्तीवाले बसायचे. त्यांनी मात्र झाकण काढून आत फुंकर मारली आणि म्हणाले, "सर, मेलेला न्हाय ह्यो. नुसता पट्टा गेलाय." सायकलच्या ट्यूबचा गोल काप काढून त्यांनी तो पट्टा म्हणून बसवला. मी निघताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली — वेगाचा खटका आहे, आवाज जाड आला तर घाबरू नका, खटका उजवीकडं सारा.

मी एकटाच राहतो. मी काम करतो त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी फीत ओवली, बटण दाबलं, चाकं फिरली. आणि आडातून यावा तसा एक घोगरा, लांबलेला आवाज — धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही. फीतच बिघडली, असं वाटलं. मग खटका आठवला.

उजवीकडे सारला आणि — कसं सांगू? आवाज वर चढत गेला. एक मुलगा म्हणत होता, "आई, बोल की." मग एक बाई हसली. "काय बोलू? भात करपंल तिकडं." एक तान्हं मूल रडायला लागलं, आणि ती म्हणाली, "आण हिकडं माझ्या बाळाला."

ते बाळ मी. असं सगळं मिळून दोनेक मिनिटं, पुढं नुसती खरखर. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मी आईचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

दादाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तो गडहिंग्लजला साखर कारखान्यात कामाला होता, शेजाऱ्यांकडे फोन होता. मी फोन केला नाही. दोन आठवडे रोज दुपारी एकट्यानं ऐकत राहिलो. मशीन दुरुस्तीला टाकल्याचं त्याला ठाऊक होतं; मग एका रविवारी तोच ऐकायला येतो म्हणाला.

विहारात जाताना घालायचा तो पांढरा सदरा घालून आला. दाढी केलेली. चपला काढता काढता विचारलं, "लागलं का रं मशीन?"

आता ते लिहायलाच हवं. तो यायच्या आधी मी खटका डावीकडे सारून ठेवला होता. चुकून नाही. एस.टी.ची वेळ मला माहीत होती. त्याच्याकडे सगळीच आई आहे, माझ्याकडे दोन मिनिटं — तीसुद्धा वाटायची? तेव्हा मनात हे होतं. ते कारण होत नाही, हेही तेव्हाच कळत होतं.

मशीनला कान लावून तो खाली मांडी घालून बसला. तोच घोगरा आवाज घरंगळत आला. थोडं ऐकून म्हणाला, "आई न्हवं ही." मी मशीन बंद केलं. म्हणालो, दुसऱ्याच कुणाचं तरी भरलेलं दिसतंय. तो हिरमुसेल, चहा घेईल, जाईल — एवढंच मी धरलं होतं. पण तो उठला नाही. चाकांकडे बघत म्हणाला, "मीच पुसलं असणार बघ. आई गेल्यावर ते आवाज भरायचं लाल बटण मी दाबत बसायचो. अण्णांनी मुस्काडात मारलीती त्याबद्दल."

खटका माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी चहा ठेवायला उठलो.

पुढं कधीतरी गडहिंग्लजला गेलो, तेव्हा त्याच्या कपाटात कॅसेटची रांग दिसली. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन दात असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. दादानं घरातल्या एकूण एक कॅसेटचे दात मोडून ठेवले होते. पोरींच्या गॅदरिंगच्या, लग्नातल्या, रेडिओवरून भरलेल्या नुसत्या गाण्यांच्यासुद्धा. वहिनी हसत होत्या. "बघा की भावजी, येड लागलंय ह्यास्नी." दादा हसला नाही. "पुसलेलं परत येत न्हाय," म्हणाला. मी एक कॅसेट हातात घेतली, पाठीवरून बोट फिरवलं, जागेवर ठेवली. तेव्हा तरी बोललो का?

अशी अकरा वर्षं गेली. पन्हाळ्याला जाताना एकदा एस.टी.त तो म्हणाला, "आईचा आवाज आता मलाबी आठवंना झालाय." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मशीनचा पट्टा मध्ये दोनदा बदलला. ते चालू होतं, मी ऐकत होतो. दादा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले.

परवा पुन्हा स्पूल लावलं. पहिला आवाज आईचा नाही — हे मला परवा कळलं. पहिला आवाज दादाचा आहे. "आई, बोल की." इतकी वर्षं त्या मुलाचं बोलणं कधी संपतंय, याची मी वाट बघत होतो.

उद्या सकाळच्या एस.टी.नं मशीन गडहिंग्लजला नेतो आहे. वहिनींना आधी सगळं सांगीन, मग लावीन. त्यांनी ऐकायचं की मला दारातूनच परत पाठवायचं, ते त्यांचं. एवढं लिहून झालं आणि छातीवरची घोंगडी कुणी काढून घ्यावी तसं वाटतंय. दुपारी भूक लागली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाच महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. त्याची लाज वाटते, पण ती लागली, हे खरं.

मशीन चादरीत बांधून दाराशी ठेवलं आहे. खटका उजवीकडे आहे. बांधण्यापूर्वी तीनदा बघितला.