गिळलेली कळ

गल्लीतली निम्मी माणसं सुईणआत्याच्या हातांवर जन्मली. बाळंतीण किंचाळली की आत्या डाफरायची, "गप गं! सगळा जोर घशातच घालवशील!" स्वतःच्या बाळंतपणातही तिनं हूं की चूं केलं नव्हतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान.

अशी आत्या न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पलंगाशी बसल्या. "आजी, पूर्ण झोपवता येईल, नाहीतर पाठीत सुई देऊन कमरेखालचंच बधिर करता येईल. तुमची छाती नाजूक आहे, मला दुसरं बरं वाटतं."

"मग तेच करा. तुमची ठोकाठोकी ऐकू तरी येईल. फक्त मला माझ्या पायांनी घरी जाऊ द्या."

उशाशी उभ्या सुनेला रडता रडता हसू फुटलं.

ऑपरेशन देवाच्या कृपेनं नीट झालं. नंतर दुखू नये म्हणून जांघेत नसेजवळ वेगळं इंजेक्शन दिलं होतं, त्यानं पहिला दिवस सुखात गेला. मग त्याचा अंमल उतरला.

"आजी, दुखतंय का?" नर्स विचारायची.

"छे! मुंगी चावल्यासारखं."

नर्सनं ते खरं मानलं. जादा औषध दिलं नाही. इकडे खोकला आला की खुब्यात सुरी फिरायची, म्हणून आत्या खोकलाही गिळायची. व्यायाम करवून उभं करायला येणाऱ्या बाईला रोज "उद्या बघू" म्हणून वाटेला लावायची.

"आई, खरं सांगा ना त्यांना," सून काकुळतीनं म्हणाली.

"तू गप्प बस. दुखतंय म्हटलं की ठेवून घेतात."

ताप चढला. बोलणं भरकटू लागलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. "श्वास वरवर घेत राहिलात, कफ साचलाय. दुखणं सांगितलं असतंत तर आम्ही ते आटोक्यात ठेवलं असतं हो. खोकता आलं असतं, उठता आलं असतं."

"मला वाटलं, सोसलं की लवकर सोडाल."

पुन्हा जांघेत इंजेक्शन दिलं. कळ ओसरली तशी आत्या सैलावली. "एवढंच होतं होय?" ती पुटपुटली, आणि उभं करणाऱ्या बाईला आपणहून हाक मारली. बाईनं तिला धरून पलंगाच्या कडेला बसवलं. तेवढ्यानंच अशी धाप लागली की लगेच आडवी करावी लागली.

आठवडा संपायच्या आत देवानं तिला नेलं. जमिनीला पाय लागायचे राहूनच गेले.