गाडीचं गाऱ्हाणं

तारकर्लीच्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी, असं सांगून मी त्याची जुनी, खूप पळालेली गाडी बघायला गेलो होतो. काहीही विचारलं की तो बॉनेटवर तळवा ठेवून एवढंच म्हणे, "गाडी बरी आसा." चालवून पाहिली, पसंत पडली, सौदाही ठरला.

चावी देण्याआधी त्याने गाडीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! खाऱ्या वाऱ्यान हिचो खालचो पत्रो सडलो हा. पावसात ब्रेक उशिरा लागतत. ह्या माणसाक आणि तेच्या आवशीक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्याची बायको म्हणाली. रीतीप्रमाणे मीही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "मघाशी तर गाडी बरी आहे म्हणालात?"

"देवाफुडे खोटा कसा बोलतलंय?" तो शांतपणे म्हणाला.

गाडी मी घेतली नाही. पण मला फसवणाऱ्या त्या माणसाने माझ्या आईसाठी हात मात्र मनापासून जोडले होते, हे आजही नाकारता येत नाही.

आता जुनी गाडी बघायला जाताना मी नारळ बरोबर नेतो.