सोमवारचे बारा कागद

वॉर्डातली मोठी सिस्टर रागावली की बोलत नसे, कपाटं आवरत बसे. साथीचं दुसरं वर्ष अर्धं सरलं तेव्हा वॉर्डातली सगळी कपाटं लखलखीत होती, यावरून काय ते समजावं.

त्यात ऑफिसने एक लचांड मागे लावून दिलं. दर सोमवारी कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा फॉर्म. झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का, कामावर यायची भीती वाटते का, असे दहा प्रश्न आणि पुढे हो-नाहीचे चौकोन. बारा जणांचे बारा कागद दुपारी चारच्या आत हवेत. इथे पाणी प्यायला फुरसत नाही, आणि हे निघाले मन विचारायला!

मग वॉर्डाने आपली रीत पाडली. सिस्टर एका हाताने डबा खायची आणि दुसऱ्या हाताने बाराही कागद भरायची. झोप हो, भूक हो, रडू नाही, भीती नाही. सह्या ज्याने त्याने जाता-येता ठोकायच्या. सगळं ठीक लिहिलं की कुणाला वर बोलावणं येत नाही आणि कामाला माणूस कमी पडत नाही, एवढा साधा हिशेब होता. धाकटी नर्स एकदा म्हणाली, "सिस्टर, मला खरंच झोप लागत नाही हो."

"मला तरी कुठे लागते?" म्हणत सिस्टरने तिच्या झोपेपुढे 'हो' केलं. दोघी हसल्या होत्या.

पुढे सिस्टरचंच बिनसलं. एका सकाळी ती इंजेक्शन भरून सहा नंबरच्या खाटेपाशी गेली आणि आजोबांना हाक मारली. खाट रिकामी होती. आजोबा जाऊन तीन दिवस झाले होते, आणि त्यांचं तोंड तिनेच झाकलं होतं. तिने हातातली सुई तशीच खाली ठेवली. आज रिकामी खाट होती, उद्या तिथे दुसरा माणूस असेल. तिने त्याच दिवशी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण लिहिलं, 'मला आता जमत नाही.'

मेट्रनबाईंनी अर्ज वाचला आणि जाडजूड फाईल उघडली.

"तीस आठवडे तुमच्या वॉर्डात सगळं ठीक आहे. अख्ख्या हॉस्पिटलात तुम्ही पहिल्या. आता कुठल्या तोंडाने तुमची रजा वर मागू? उलट ऑर्डर आलीय. तुमची धाकटी मंगळवारपासून अतिदक्षता विभागात जाईल. तिची तब्येत ठणठणीत दिसते."

स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा इतक्या स्वच्छ अक्षरात क्वचितच कुणाला दिसत असेल. सिस्टर चडफडत परत आली. राग कुणावर काढावा तेही कळेना, कारण ज्याच्या त्याच्या कागदावर अक्षर तिचंच होतं.

पुढच्या सोमवारी तिने डबा उघडलाच नाही. कागद घेऊन एकेकाला गाठलं आणि दहाही प्रश्न विचारले. धाकटी म्हणाली, आंघोळ करताना रडते, म्हणजे आईला ऐकू येत नाही. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "भूक कसली, घास घशाखाली उतरत नाही." बारावा कागद सिस्टरचा होता. पेन मावशींनी घेतलं.

"रडू येतं का?"

"नाही. पुढचं विचारा."

मावशी पुढे सरकल्या नाहीत. "आम्हाला खरं सांगा म्हणालात ना?"

सिस्टर पाच मिनिटं रडली. मावशींनी निमूटपणे चौकोन भरला.

चारला कागद गेले, साडेचारला फोन आला.

"बाराच्या बारा जण एका आठवड्यात आजारी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमचा काही बेत आहे का? यावर कोण विश्वास ठेवेल?"

तीस आठवडे खोट्यावर डोळे मिटून विश्वास बसला होता. सिस्टरचा आवाज चढला. "हे खरंय. मागचे खोटे होते. सगळे मीच भरले."

पलीकडे फाईलची पानं उलटल्याचा आवाज आला.

"लेखी द्याल?"

"देते."

"मग तुम्हालाच नोटीस निघेल, सिस्टर." मेट्रनबाईंचा आवाजही थकलेला होता. "धाकटीची ऑर्डर मी थांबवते. रजेचं आता विसरा. चौकशी होईपर्यंत तुम्हाला जागा सोडता येणार नाही."

धाकटी दारातच उभी होती. "मिळाली का रजा?"

"तू इथेच राहतेयस. घरी जा आणि झोप."

सिस्टर कपाटापाशी गेली. आवरायला काही उरलं नव्हतं. तिने वरचा कप्पा सगळाच्या सगळा खाली काढला आणि पुन्हा लावायला घेतला.