न हलणारा मंगळ

मावशींकडे भविष्य बसल्या जागी मिळत नसे; त्यासाठी जिने चढावे लागत. पत्रिका मांडून होईपर्यंत त्या तोंडातून अवाक्षर काढत नसत. मग माणूस ज्या ग्रहाला घाबरून आला असेल त्याचं नाव विचारत, चपला पायांत सरकवत आणि त्याला थेट गच्चीवर नेत. ‘आधी बघा, मग घाबरा,’ हा त्यांचा नियम. न बघता घाबरणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग येई. गिऱ्हाइकाने यायचं ते दिवेलागणीलाच, आणि आभाळ भरून आलं तर आल्या पावली परत जायचं. ही तऱ्हा पाहून शेजारी म्हणत, बाई उपाशी मरणार. बाई काही मेल्या नाहीत. उलट जिन्यावर रांग लागू लागली.

सुनेचं शिवणयंत्र जिन्याच्या तोंडाशीच होतं. पडदे शिवता शिवता सारं तिच्या कानांवर पडे. सासू ज्योतिषी, हे लग्नाआधी कळलं तेव्हा तिला धडकी भरली होती. आता ऊठसूट आपले ग्रह निघणार! पण मावशींनी पहिल्याच आठवड्यात तिला वर नेऊन शनी दाखवला. पिवळट, शांत ठिपका.

“ह्याचं पूर्ण नाव शनैश्चर. म्हणजे हळूहळू चालणारा, बस्स! घड्याळं नव्हती, कॅलेंडरं नव्हती, तेव्हा माणसं रोज आभाळाकडे बघायची. बाकीचे तारे एकमेकांतलं अंतर धरून असतात, हे चार-पाच भटके तेवढे त्यांच्यातून फिरतात. त्यात जो सगळ्यात सावकाश, तो म्हातारा ठरला. आणि म्हातारा म्हटला की कटकट्या आलाच. झाली बिचाऱ्याची बदनामी.”

“मग पत्रिका खोटी का, आई?”

“खोटी कशाला? जुन्या माणसांनी आभाळाचा काढलेला नकाशा आहे तो. नकाशा बघून कुणी घाबरतं का?”

त्या दिवसापासून सून सासूवर फिदा होती. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसला असता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक बेकरीवाला आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तुझा मंगळ कडक, नवी भट्टी लावलीस तर दुकान जळेल. मावशींनी त्याला वर नेऊन पश्चिमेकडे बोट केलं.

“लाल आहे ना? लाल दिसला म्हणून लोकांनी त्याला आग म्हटलं, रक्त म्हटलं, लढाई म्हटलं. रंग बघितला आणि स्वभाव चिकटवला. तुम्ही धुराडं तेवढं नीट बांधा.”

बेकरीवाला हलका होऊन खाली उतरला. वाळलेले कपडे काढायला गेलेल्या सुनेने मात्र त्या बोटाच्या रोखाने पाहिलं. तो मोबाइलच्या नव्या टॉवरवरचा दिवा होता. खरा मंगळ त्याच्या डावीकडे होता, फिकट, कुणी न विचारलेला.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की मावशी “बघू, बघू” म्हणून विषय बदलत. नजरच गेली तर ह्या बाईंकडे काय उरणार, ह्या विचाराने सुनेच्या हातून पडदा उलटा शिवला गेला. पण सांगायचं कसं? सासूला ‘तुम्ही चुकलात’ म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या संध्याकाळी ती दोन स्टुलं घेऊन गच्चीवर गेली.

“आई, मला मंगळ दाखवा.”

मावशींनी बोट केलं, टॉवरकडेच.

“बसू या जरा. तो चालतो कसा ते बघायचंय.”

दोघी बसल्या. शेजारच्या पाण्याच्या टाकीवरचा तारा सरकत टाकीमागे गेला. पश्चिमेचं सगळं आभाळ खाली उतरलं. दिवा होता तिथेच. मावशींचा हात मांडीवर आला.

“हलत नाही गं हा.”

“नाही, आई.”

“जो हलत नाही तो ग्रह नव्हे.” मग सुनेकडे वळून, “किती जणांना दाखवला मी?”

“टॉवर झाल्यापासून... सगळ्यांनाच.”

“मला भीती वाटते गं. डोळ्यात सुरी घालणार म्हणे.”

“न बघता घाबरणाऱ्यांचा तुम्हाला राग येतो ना?”

मावशींनी तिला एक सणसणीत शिवी दिली आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन करून घेतलं.

डोळा सुधारल्यावर पहिला निरोप बेकरीवाल्याला गेला: दाखवला तो टॉवरचा दिवा होता, खरा मंगळ बघायला या. तो पिठाच्या हातांनीच आला.

“मावशी, भट्टी झकास चाललीय. माझं दिव्यावर भागलं की! आता खरा कशाला?”

“भट्टी तुमची झकास असेल, मंगळ माझा चुकला होता. चढा.”

टॉवर झाल्यापासून येऊन गेलेल्या एकेकाला त्या असंच बोलावणार होत्या. सबब नाही, सारवासारव नाही. सुनेला वाटलं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

“हा एवढासा?” बेकरीवाला म्हणाला.

“एवढासाच.”

मावशी समाधानाने मागे वळल्या. गच्चीवरच्या बल्बखाली सून उभी होती. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या, जवळ आल्या आणि तिच्या कानाजवळची बट त्यांनी बोटाने बाजूला केली.

“आणि हा पांढरा गं? हा कधी उगवला?”

“केव्हाचा आहे, आई. तुम्हाला आज दिसला,” सून म्हणाली, आणि इतके दिवस धीराने वागलेली ती बेकरीवाल्यासमोरच ढसाढसा रडली.