आदी दगडाला इचारू

कामाला सुरुवात करण्याआधी काका उजवा तळवा त्या वस्तूवर सपाट ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. होडीची फळी असो, नाहीतर आमच्या चर्चची पायरी. “आदी त्याला इचारू, मंग हात लावू,” म्हणायचे. “विचारायलासुद्धा हातच लावताय की, काका,” असं मी चिडवायची. ते नुसते हसायचे. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

आमच्या चर्चला पुढे तीनच पायऱ्या आहेत. तुम्ही कधी आलात तर बघा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी त्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. अपघातानंतर मी चाकाच्या खुर्चीत बसले आणि त्या तीन पायऱ्या मला चढता येईनात. तीन वर्षं मी मागच्या दारानं, झाडू आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांमधून, रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला जात होते. पण लेकीचं लग्न ठरलं आणि मी हट्ट धरला, तिचा हात धरून पुढच्या दारानंच जाणार. कुणी म्हणालं, चौघं उचलतील. म्हटलं, “चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. त्याला वेळ आहे.”

फादरांनी पायऱ्यांवर सिमेंटचा उतार घालायचं ठरवलं. त्यासाठी फळ्या ठोकायला काकांना बोलावलं. त्यांनी पायरीवर तळवा ठेवला आणि मान हलवली.

“नाय बाय. ह्यावर सिमेंट पडला का परत निघायचा नाय.”

माझा पारा चढला. “म्हणजे दगड जपायचा आणि मी झाडूंमधून जायचं?”

ते पायरीपासून उठले. मग म्हणाले, “तुजी खुर्ची दे जरा.” लेकीनं मला बाकावर बसवलं. काका खुर्चीत बसले आणि फादरांना म्हणाले, “चला, मागच्या दारानं.” परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कोळिष्टक होतं.

“बाय, तुजा खरा हाय,” एवढंच बोलले.

आठ दिवसांत त्यांनी जुन्या होडीच्या फळ्यांचा उतार आणला. पायऱ्यांच्या खोलगटात नेमके बसतील असे ठोकळे, त्यांच्याखाली काथ्याचा दोर. दगडात एकही खिळा नाही. पण होड्या ओढायच्या सवयीनं उतार भलताच उभा झाला होता. पुन्हा स्वतःच खुर्चीत बसले. ढकलताना फादरांना धाप लागली. “हा होडीचा झाला, बायचा नाय,” असं म्हणून त्यांनी तो दुप्पट लांब केला.

लग्नाच्या दिवशी लेकीचा हात धरून मी पुढच्या दारानं आत गेले. खुर्ची काका ढकलत होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. मी रडले, ते मात्र सगळं लक्ष चाकांकडे देऊन होते.

पुढे दर रविवारी ते उतार लावायचे आणि मिस्सा संपली की उचलायचे. मग तिन्ही पायऱ्यांवरून तळवा फिरवून मला सांगायचे, “वरखडा नाय.” त्यांनी मलाही दुखवलं नाही आणि त्या दगडालाही. एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या अंत्यविधीला मी त्यांच्याच फळ्यांवरून आत गेले.

आता उतार दुसरी माणसं लावतात, मनापासून लावतात. उचलून झालं की घाईनं निघून जातात. मग मी खुर्ची पायऱ्यांपाशी नेते, वाकते आणि हात पुरेल तिथवर तळवा फिरवते. दगड अजून कोमट असतो.

“वरखडा नाय, काका,” मी सांगते.