सात नव्हे, तीन

मॅट्रिकला मी फक्त गणितात नापास झाले. बरोबरच्या दोघी पास होऊन परभणीला कॉलेजात गेल्या आणि येलदरीच्या धरणाजवळच्या वसाहतीत माझ्या वयाचं कुणी उरलं नाही. वडील वीजघरात कामाला, आई सकाळीच शेतात जायची. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी दिवसभर ओट्यावर वही घेऊन बसायचे. कधीकधी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघायचा नाही.

समोरच्या क्वार्टरमध्ये ओव्हरसियरची बायको राहायची. साताऱ्याकडची, नुकतंच लग्न झालेली. ती कुणात मिसळायची नाही. "लय शिष्ट हाय ती," आई म्हणायची. म्हणून मीही कधी बोलले नव्हते.

एका दुपारी ती काडेपेटी मागायला आली आणि माझ्या वहीपाशी थांबली.

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/५ = २

मी दोन्ही बाजूंना दहानं गुणून छेद घालवले होते आणि क्ष बरोबर सात काढले होते. उत्तर अपूर्णांकात आलं नाही, म्हणजे बरोबरच, असं मी धरून चालले होते. तिनं क्षच्या जागी सात घालून ताळा करायला सांगितला. डावीकडं काही केल्या दोन येईनात.

ती खाली बसली. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन म्हणाली, "छेद गेला की अंशाला कंस घालायचा. या उणेनं तू नुसत्या क्षला धरलंस, तीनला सोडून दिलंस. कंसातल्या प्रत्येकाचं चिन्ह बदलतं."

उणे सहाचे अधिक सहा झाले आणि क्षची किंमत आली तीन. ताळा जुळला.

लग्नापायी सायन्सचं पहिलं वर्ष अर्धवट सुटल्याचं तिनं सांगितलं. उठताना म्हणाली, "सकाळपासून कुणाशी बोललेच नव्हते मी. उद्या येऊ का?"

दोन महिने ती रोज आली. परीक्षेला आठवडा राहिला असताना तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये चढताना तिनं एवढंच सांगितलं, की ताळा केल्याशिवाय पुढच्या गणिताला हात लावू नकोस.

मी पास झाले. आईनं वसाहतीत गूळ वाटला. ते तिला पत्रानं कळवावंसं मला फार वाटलं, पण पत्ता विचारायचं मला सुचलंच नव्हतं.