धुडकूआप्पांची स्टेपनी

"आपली गाडी नही तरी चाली, पन तिनं नाव नीट ल्या, परक्यानी पोर शे ती," असं धुडकूआप्पा एकदा म्हणाले, आणि सुरतेच्या डिंडोलीत योगेंद्रच्या पंक्चरच्या दुकानामागच्या अंगणात तो कायदा झाला. बाहेरदेशातून आलेली गाडी म्हणजे सून. तिला हाक मारायची ती तिच्या माहेरी मारतात तशी. आपल्यात लग्नात पोरींची नावं बदलतात तेवढं पुष्कळ झालं, गाड्यांना तरी सोडा, असं आप्पांचं म्हणणं.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि सचिन गावातल्या एका कापडाच्या कारखान्यात लूम सांभाळता सांभाळता कारागिरांचे मास्तर झाले. लूमच्या खडखडाटात माणसं कानांनी ऐकत नाहीत, समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. आप्पांनी जर्मन आणि फ्रेंच तसंच घेतलं. मोबाइलवर एखादा गोरा माणूस गाडीबद्दल बोलू लागला की ते आवाज बंद करत, त्याच्या ओठांकडे टक लावून बघत आणि आपले ओठ तसे करत. त्यांची बायको पुष्पाबाई शेजारणीला सांगत, "या वयात आरशासमोर उभं राहून हे कुणाला पाप्या देतात, देव जाणे." त्यातले किती उच्चार खरोखर बरोबर होते, ते तपासायला डिंडोलीत कुणी जर्मन नव्हता. त्यामुळे आप्पाच जर्मनी आणि आप्पाच फ्रान्स.

रविवारी संध्याकाळी अंगणात मंडळ भरायचं. योगेंद्र, रिक्षावाला दगा, पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालणारा सुशांत, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पा. कुणी 'पूजो'ला 'प्यूजिओट' म्हटलं किंवा 'श्कोदा'चं 'स्कोडा' केलं, की आप्पा काही न बोलता अंगठा मागे दाखवत. मागे कडुनिंबाखाली एक म्हातारी स्टेपनी आडवी पडलेली असे. चुकलेल्यानं तिच्यावर जाऊन बसायचं आणि दुसरं कुणी चुकेपर्यंत उठायचं नाही. दगा एकदा तिथं असा अडकला, की त्याचे पॅसेंजर रिक्षाचा भोंगा वाजवून वाजवून कंटाळले आणि दुसऱ्या रिक्षानं गेले. "घरवाली विचारते, आज धंदा का कमी," दगा म्हणाला. "आता तिला काय सांगू, फ्रेंच नडलं?"

यांच्यापैकी एकाकडेही गाडी नव्हती. तशी हावही नव्हती. आप्पांना मात्र एक गोष्ट हवी होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. अशा गाडीत बसून दार ओढून घेतलं, काच वर केली, की बाहेरचं जग बंद होतं, असं त्यांनी ऐकलं होतं. जन्मभर लूमशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला ते बंद झालेलं जग एकदा ऐकायचं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अमोल आला. याच गल्लीतला पोरगा. एम्ब्रॉयडरीच्या मशिनांवर पैसा कमावून वेसूच्या श्रीमंत वस्तीत राहायला गेलेला. फाटकाबाहेर एक पांढरी, जुनी पण चकचकीत गाडी येऊन उभी राहिली. सगळे धावले. आप्पा उठले नाहीत, कारण त्यांचे गुडघे ऐकत नव्हते.

"सेकंड हँड घेतली, आप्पा," अमोल आत येत म्हणाला. "पहिला राउंड तुम्हाला घेऊन मारायचा म्हणून सरळ इकडेच आलो." आणि मग अगदी सहज, आनंदाच्या भरात बोलून गेला, "बीएमडब्ल्यू थ्री ट्वेंटी डी."

अख्ख्या सुरतेत तिला असंच म्हणतात, विकणारेही असंच म्हणतात. पण या अंगणात ती 'बेएम्वे द्राय त्स्वान्त्सिग डे' होती.

"पाहुणा शे, आप्पा," दगा घाईनं म्हणाला. "पाहुण्याले माफ."

आप्पांनी फाटकाबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा अंगठा मागे गेला.

अमोल हसत हसत स्टेपनीवर जाऊन बसला. "आता?"

"आता आमच्यातलं कुणीतरी चुकायला पाहिजे," योगेंद्र म्हणाला. "मग तू मोकळा."

हे बोलता बोलताच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि बाकीच्यांच्याही. गाडी चालवणारा एकटा अमोल. तो उठल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि त्याला उठवायला जो चुकेल, तो स्टेपनीवर बसणार, गाडी त्याला टाकून जाणार.

त्यानंतर त्या अंगणात एकही चूक झाली नाही. ज्या सुशांतला जन्मात एक नाव धड घेता आलं नव्हतं, तो 'फोल्क्सवागन' अशा थाटात म्हणाला, की जणू तो साड्यांच्या घड्या जर्मनीतच घालत आला होता.

"गेल्या रविवारी तर तू व्होल्क्सवॅगन म्हणत होतास," योगेंद्र म्हणाला.

"तेव्हा मी लहान होतो."

"दगा, तू चूक ना. तुला सवय आहे."

"आज मना चुकासना उपास शे."

चहा आला, निवला. अमोल घड्याळ बघू लागला. "अहो, सासरे स्टेशनवर उतरणार आहेत. त्यांना घ्यायला जायचंय मला. उठू का?"

"बस," आप्पा म्हणाले. "कायदा शे."

सगळे एकमेकांकडे बघायचे आणि तोंड घट्ट मिटायचे. अमोल एकदा उठण्यासारखा हलला आणि आप्पांकडे बघून पुन्हा बसला. तेव्हा आप्पांनी घसा साफ केला. त्यांना कधी कुणी चुकताना ऐकलं नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून, शाळेत पाढे म्हणतात तसं म्हटलं, "बी. एम. डब्ल्यू."

दगाच्या हातातला कप कलंडला. आप्पा उठले, अमोलला दंडाला धरून उभं केलं आणि त्याच्या जागी स्वतः बसले.

"पण तुमच्यासाठीच आणली होती ना, आप्पा."

"जा. फिरी या."

ते गेले. योगेंद्र दुकान उघडं टाकून गेला. मागाहून एक गुजराती गृहस्थ पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आत आले. "दुकानवाळा क्यां गयो?"

"जर्मनीले गया," आप्पा म्हणाले. "बसा. मी उठी नही शकत."

गृहस्थ बसले. काय समजले कोण जाणे.

गाडी परतली तेव्हा तिघं हसत, एकमेकांना ढोसत आत आले. आप्पा तसेच ताठ बसलेले होते. अमोल फाटकातूनच म्हणाला, "चला आप्पा, स्टेशनला जाताना तुम्हाला फिरवतो. वेळ थोडा आहे."

आप्पा हलले नाहीत. ते का हलत नाहीत हे सगळ्यांना कळलं.

"प्यूजिओट," सुशांत म्हणाला.

"रेनॉल्ट," योगेंद्र म्हणाला. "फ्रेंच लोक गिळतात त्या टी सकट."

"लंबूगिरणी," दगा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला. "फेरारू. श्कूटा. आनखी सांगू?"

"मर्सडीस," गुजराती गृहस्थ म्हणाले, आपणही काहीतरी म्हणावं म्हणून.

आणि मग सगळे एकदमच बोलू लागले. कोण कुठलं नाव मोडतंय हे कळेना. तिघंही स्टेपनीकडे धावले, आधी मी बसणार म्हणून एकमेकांना ढकलू लागले, आणि त्या ढकलाढकलीत आप्पा टायरवरून आपोआप उभे राहिले. त्यांनी पँटमागची धूळ झटकली, दगाला हातानं बाजूला केलं आणि ते फाटकातून बाहेर, अमोलनं उघडून धरलेल्या दाराकडे, चालत गेले.